जयरामआबांच्या टेकडीचा पत्ता

मंडळी, नमस्कार.

या सभागृहात आपण लग्नांना जमलोय, बारशांना जमलोय. नळाला पाणी आलं नाही म्हणून भांडायलाही जमलोय. आज जमलोय आणि कुणी कुणाशी बोलत नाहीये. आपल्या टेकडीच्या माणसांना हे शोभत नाही. आपण मोठ्यानं बोलणारी माणसं. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं आपली भांडणं चालली आहेत. अहो, भांडणं नसतात ती. आपण मीठ मागत असतो. डोक्यावर, वरच्या खाणीत, दिवसभर दगड फुटत असायचा, त्या आवाजापेक्षा मोठ्यानं बोलायची सवय लागली. आवाज गेला, सवय राहिली.

आज ती सवयही कुठं गेली कळत नाही. 

जयरामआबा पवार गेले. आपले आबा गेले. सुरगाण्याहून त्यांचे भाऊबंद आलेत, नामपूरहून सुनेच्या माहेरची मंडळी आलीत, त्यांच्या मुलाचे, प्रकाशचे, अंबडच्या कारखान्यातले सोबती आलेत. समोरच्या नव्या इमारतींमधूनही बरीच मंडळी आलीत, त्यांचे विशेष आभार. तुमच्यातल्या अनेकांनी टेकडी आज आहे तशीच पाहिली आहे. पळायचा ट्रॅक, हिरवी बाकं, व्यायामाची यंत्रं. म्हणून तुमच्यासाठी चार गोष्टी सांगतो. बाकीच्यांना त्या पाठ आहेत. तरी ऐका. आबांनी आपल्याला कमी वेळा ऐकवल्यात का?

या टेकडीवर दगडाची खाण होती. खाणीच्या पोटाशी क्रशर होता, दगड फोडून खडी करणारा. क्रशरपासून एक लांब रबरी पट्टा निघायचा, त्यावरून खडी खाली यायची. खाली ट्रक भरायचे आणि उतरताना काट्यावर थांबायचे. काटा म्हणजे वजनकाटा. रस्त्यात लोखंडी फळी बसवलेली, बाजूला पत्र्याची खोली. आणि वरच्या अंगाला, या सगळ्याच्या आधीची, चुन्याची भट्टी होती. ती आमच्या लहानपणीच बंद पडलेली. पण तिची विटांची चिमणी उभी होती. पेठ रोडवरून येताना दिसायची. ती दिसली की आई म्हणायची, आलं घर, चपला शोधा.

क्रशर, पट्टा, काटा, चिमणी. यातलं आज काहीही नाही. खाण बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, चिमणी पडेल म्हणून पाडली. खाणीचा खड्डा भरून टाकला, आता त्यावर बाग आहे. हे सगळं होऊनही वीसेक वर्षं होत आली.

आबा क्रशरच्या तोंडावर काम करायचे. ‘तोंडावर’ म्हणजे जिथं दगड आत पडतो तिथं. हातात पहार. एखादा मोठा दगड जबड्यात आडवा बसला की पहारीनं त्याला वळवायचं. पाय घसरला तर माणूस दगडाच्या मागोमाग. आबांच्या डाव्या हाताचं एक बोट तिथंच राहिलं. विचारलं की म्हणायचे, “ते कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये हाय. त्या घरात पावणा म्हणून जायचा माझा हक्क हाय.”

हसा, हसा. त्यांनी हे हसायलाच सांगितलेलं आहे.

पण आबा त्या यंत्राचं कौतुक करायचे असं समजू नका. गंगूवहिनी, आबांच्या पत्नी, घमेली वाहून वाहून त्या धुळीनं खोकत गेल्या. मी एकदा त्यांना विचारलं होतं, आबा, ज्यानं तुमचं बोट घेतलं, वहिनींची छाती घेतली, त्याच्या आठवणी कशाला काढता?  ते म्हणाले, “चांगलं नव्हतंच ते. पर मी सुरगाण्याहून जीपच्या टपावर बसून आलो, तवा ह्या नाशकात मला कोण वळखत व्हतं? त्या कामावर पहिल्यांदा माझं नाव घेऊन हाक मारली कुणी. नायतर डांगातून आला म्हणून निस्ता ‘ए, डांगी’.”

यंत्रं तोडायला भंगारवाले आले, गॅसकटर चालू झाले, तेव्हा आख्खी वस्ती बघायला गेली होती. मीही गेलो होतो. आबा आले नाहीत. संध्याकाळी मी म्हटलं, आबा, बघायला नाही आलात? तर म्हणाले, “मयताचं तोंड बघाया जात्यात. ते तर तुकडं करून नेत व्हते.”

त्यानंतर आबा अंबडला एका कारखान्यात पहारेकरी झाले. आणि रोज संध्याकाळी टेकडीवर जायला लागले. रिकाम्या टेकडीवर. तिथं जाऊन आपल्या म्हाताऱ्यांच्या टोळक्याशी वाद घालायचे. कसला वाद? भट्टी पिंपळाच्या अलीकडं होती का पलीकडं. गिरणीवाले बाळूभाऊ म्हणायचे अलीकडं. आबा म्हणायचे पलीकडं. बाळूभाऊ म्हणायचे, “आबा, माझा जन्म इथला आहे.” आबा म्हणायचे, “जल्माला आला म्हंजे डोळं उघडलं व्हतं का?” बाळूभाऊ, तुम्ही समोर बसलाय. त्या वादाचा निकाल लागला नाही तो नाहीच.

आता मला सुनंदाविषयी बोलायचंय. आबांच्या सुनेविषयी. बोलू की नको, हे मी तिला काल विचारलंय. तिनं मान हलवली. तो होकार होता असं मी धरून चाललोय. सुनंदा, नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन.

सुनंदा लग्न होऊन नामपूरहून आली, तेव्हा टेकडी बोडकी झालेली होती. प्रकाश पाळीवर. सासू नाही. घरात सासरा आणि ती. ओळखीचं कुणी नाही, बोली वेगळी. ‘आहे’ म्हणायला हिच्या तोंडी ‘शे’, आबांना घरचं कुणी भेटलं की त्यांच्या तोंडी ‘आहा’. दोघं एकमेकांशी पुस्तकातलं मराठी बोलायला जायचे आणि मग दोघंही हसायचे. पोरगी दुपारी ओट्यावर बसून रडते हे आबांच्या लक्षात आलं. त्यांनी काय करावं? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चार दिवस माहेरी जाऊन ये. आबा म्हणाले, “चल, तुला टेकडी दाखवतो.”

आणि दाखवली. रोज थोडी थोडी. सासरा पुढं, सून पदर सावरत मागं. आबा उभे राहायचे आणि म्हणायचे, “हितं क्रशर.”

“कुठं, आबा?”

“अगं, तू त्याच्या तोंडातच उभी हाय. सरक मागं.”

आणि ही घाबरून मागं सरकायची! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. काही दिवसांनी ती धीट झाली. म्हणायला लागली, “आबा, तुमचं सगळं होतं, होतं. आमच्या नामपूरला या, कांद्याचा बाजार दाखवते. तो आहे.” आबा म्हणायचे, “कांदा आज हाय, उद्या सडला. माझा क्रशर सडत नाय.”

असं करत ती शिकली. काट्याच्या वर म्हणजे आपलं घर. पट्ट्याखाली म्हणजे बाळूभाऊंची गिरणी. क्रशरचा चढ म्हणजे मागचा रस्ता. चिमणीची गल्ली म्हणजे काशीमावशींची गल्ली. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, शाळेच्या रिक्षावाल्याला ती हेच पत्ते द्यायला लागली. त्यांनाही ते कळायचे, कारण तेही इथलेच. मंडळी, आपल्यापैकी कुणाला तरी तिच्या बोलण्यात चूक दिसली का? उलट आपण म्हणत होतो, बघा, आता ही टेकडीची झाली.

महापालिकेनं गल्ल्यांना नंबर दिलेत. निळ्या पाट्या लावल्यात. आपल्यापैकी कितीजणांनी त्या वाचल्यात? हात वर करू नका. मला उत्तर माहीत आहे.

त्या सकाळी आबा चहा पिऊन ओट्यावर बसले होते. छातीला हात लावून म्हणाले, “सुनंदा, जरा पाणी दे.” पाणी आणेपर्यंत ते आडवे झालेले. प्रकाश कामावर. तिनं एका हातानं आबांचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं रुग्णवाहिकेला फोन लावला. घाबरली होती, पण हातपाय गाळून बसली नाही. लगेच लावला फोन. हे लक्षात ठेवा.

पलीकडच्या माणसानं पत्ता विचारला. तिनं वस्तीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “ताई, जवळची खूण सांगा. लँडमार्क.”

ती म्हणाली, “काट्याच्या वर.”

“कुठला काटा?”

“ट्रकचा वजनकाटा हो. कुणालाही विचारा.”

तिनं खोटं सांगितलं का? तिच्या सासऱ्यानं, तिच्या नवऱ्यानं, आपण सगळ्यांनी तिला जे शिकवलं तेच तिनं सांगितलं. जो काटा तिनं जन्मात कधी पाहिला नाही, त्याचा पत्ता दिला.

रुग्णवाहिका निघाली. चालक बाहेरगावचा. त्यानं खाली नव्या इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारलं. तोही महिन्याभरापूर्वी आलेला. तो म्हणाला, काटा इथं नाही, काटा अंबडकडं जाताना लागतो. खरंच आहे तिकडं काटा. चालू आहे. रुग्णवाहिका तिकडं गेली.

इकडं सुनंदानं आबांना शेजारणीच्या हवाली केलं आणि रस्त्यावर पळत आली. पायात चप्पल नाही. वळणावर येऊन उभी राहिली. चालकाचा फोन आला. “ताई, मी काट्यावर उभा आहे. इथं नुसते ट्रक आहेत. तुम्ही कुठं?”

आणि ही म्हणाली, “मी पण काट्यावरच उभी आहे हो! तुम्ही दिसत नाही!”

मंडळी, ती बरोबर उभी होती. काटा होता तिथंच. आज तिथं पायानं फिरवायचं व्यायामाचं चाक आहे. त्या चाकाला धरून ती ओरडत होती, मी काट्यावर आहे, मी काट्यावर आहे.

पुढचं ऐका. बाळूभाऊंनी तिच्या हातातून फोन घेतला. चांगल्या मनानं घेतला. आणि काय सांगितलं? “अहो, तिथून मागं फिरा आणि क्रशरच्या चढानं वर घ्या.” काशीमावशी धावत आल्या, त्यांनी बाळूभाऊंकडून फोन घेतला. “दादा, ह्यांचं ऐकू नका, तुम्ही चिमणीखालून या, जवळ पडेल.” चालक म्हणाला, “मावशी, मला यातलं एकही दिसत नाही हो.”

बाळूभाऊ, काशीमावशी, तुम्ही खाली बघू नका. तुमची उणीदुणी काढायला मी हे सांगत नाही. ही सगळी हकिकत तुम्हीच मला सांगितलीत, रडत सांगितलीत. मी त्या वेळी भाजी आणायला गेलो होतो. असतो तर चौथा फोन मी घेतला असता, आणि मी म्हणालो असतो, पट्ट्याखालून या.

शेवटी समोर भाड्यानं राहणारी एक मुलगी गॅलरीतून हे पाहत होती, ती खाली आली. तिनं विचारलं, “काकू, गल्ली नंबर चारच ना ही?” आपण सगळे तिच्याकडं बघत राहिलो म्हणे. तिनं मोबाइलवरून चालकाला ठिकाण पाठवलं. मग गाडी आली. आबा रुग्णालयात पोहोचले तेव्हा त्यांचा श्वास चालू होता. तासाभरानं थांबला.

मी त्या चालकाला शोधून भेटलो. तिशीचा माणूस आहे. त्यालाही झोप लागत नाही. तो म्हणाला, “साहेब, त्या ताई इतक्या खात्रीनं सांगत होत्या, की मला वाटलं माझेच डोळे गेलेत.”

आणि मी डॉक्टरांनाही भेटलो. आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या, अर्धवट माहितीवर मला बोलता येत नाही. मी त्यांना सरळ विचारलं, गाडी वेळेवर आली असती तर? ते म्हणाले, “झटका मोठा होता. वाचले असते असं म्हणता येत नाही. वाचलेच नसते असंही म्हणता येत नाही.” सुनंदा, मी तुला खोटा दिलासा देणार नाही. जेवढं ते म्हणाले तेवढंच सांगतोय. यापुढं कुणालाच कधी कळणार नाही.

पण दहाव्याच्या दिवशी गोदावरीवर एक वाक्य बोललं गेलं. कुणी बोललं ते मी सांगणार नाही. दुःखात माणसाच्या तोंडून काहीही जातं. वाक्य असं होतं : “शिकलेली सून, आणि धड पत्ता सांगता आला नाही.”

सुनंदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं. प्रकाशनंही ऐकलं. प्रकाश काही बोलला नाही.

त्या दिवसापासून सुनंदाही बोलत नाही. स्वयंपाक करते, आल्यागेल्याला चहा देते. परवा मी गेलो, तेव्हा तिनं इतकंच म्हटलं, आणि ते माहेरच्या बोलीत म्हटलं, कारण आपली बोली तिला आता नकोशी झाली असेल. म्हणाली, “मना तोंडमा तेच उनं, काका. दुसरं काहीच उनं नही.” माझ्या तोंडात तेच आलं. दुसरं काही आलंच नाही.

मी उठणार, एवढ्यात तिची मुलगी आरोही बाहेरून आली. सात-आठ वर्षांची आहे. दारातूनच म्हणाली, “आई, मी चिमणीपाशी खेळायला जाऊ?”

सुनंदानं तिच्या तोंडावर मारलं. जोरात मारलं. “चिमणी नाहीये तिथं! काहीच नाहीये! पुन्हा ते नाव घ्यायचं नाही!”

पोरगी रडली नाही. ती आजोबांच्या फोटोकडं बघत राहिली. तिला कळेना, तिचं काय चुकलं. आजोबांनी शिकवलेलंच ती बोलली होती.

मंडळी, मला आज बोलायचंय ते यासाठी. आबांसाठी बोलायचं असतं तर त्यांच्या चार गमती सांगून मी बसलो असतो. आबा गेले, ते आता कुणाचं काही ऐकणार नाहीत. पण त्या घरात एक बाई रोज स्वतःला सांगतेय की मी माझ्या सासऱ्याला मारलं. आणि ती जर हेच धरून बसली, तर ती त्या पोरीच्या तोंडातून एकेक शब्द काढून टाकील. आबांनी तिला एकटेपणातून वर काढलं, ते त्याच शब्दांना धरून. ते शब्द तिला विषासारखे झालेत. हे आपल्याला चालेल का?

म्हणून मी ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना, आणि ज्यांनी ते मनातल्या मनात म्हटलं त्यांनाही, एक विचारतो. तुम्ही तिच्या जागी असता तर काय पत्ता सांगितला असता? सुरगाण्याच्या पाहुण्यांनो, आबांच्या घरी यायला तुम्ही काय विचारत येता? दिलीपदादा, तुम्ही आबांचे सख्खे पुतणे. आज सकाळी रिक्षावाल्याला काय सांगितलंत? मला इथून तुमचं तोंड दिसतंय. काट्याच्या वर. हेच ना?

आपण सगळे एका न दिसणाऱ्या गावात राहतो. एकमेकांना त्यातल्या खुणा सांगतो, आणि सगळ्यांना कळतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते गाव अजून आहे. बाहेरच्या माणसाला हाक मारायची वेळ आली, तेव्हा कळलं. त्या सकाळी फोनवर एकटी सुनंदा नव्हती. आपण सगळे होतो.

आता काही जण म्हणतात, टेकडीवर पाट्या लावू. इथं क्रशर होता, इथं काटा होता. लावू. नगरसेवकांकडं जाऊ, बाळूभाऊ आणि बाकीचे म्हातारे मिळून भट्टीची जागा आधी ठरवतील, मग पाटी लावू. म्हणजे पाटी काही लवकर लागत नाही! पण त्याच्या आधी एक काम आजच करा. घरी जा आणि आपल्या गल्लीचा नंबर वाचा. घराच्या दाराच्या आतून, फोनजवळ, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांकडून पाठ करून घ्या. मी माझ्या फ्रिजवर चिकटवलाय. रोज वाचतो आणि रोज मला तो परक्याचा पत्ता वाटतो. वाटू दे. परक्या माणसाला तोच द्यायचा. काटा आणि चिमणी आपल्या आपल्यात ठेवायची. दोन्ही पत्ते ठेवायचे. त्यासाठी कुणाच्या तोंडावर मारायची गरज नाही.

सुनंदा, तुला एक सांगायचं राहिलं. तू आलीस त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. खुशीत होते. म्हणाले, “आज सुनेनं एका बाईला रस्ता सांगितला. काट्यापासून वर जा, म्हणाली. मी मागंच व्हतो.” मी म्हटलं, मग त्यात काय एवढं? तर म्हणाले, “तुला नाय कळायचं. मी मेल्यावर कोण म्हणंल काट्याच्या वर? प्रकाश म्हणंल, पर त्यानं बघितलाय. हिनं बघितला नाय, तरी म्हणती.” आणि डोळे पुसले त्यांनी. आबांना डोळे पुसताना मी गंगूवहिनी गेल्या तेव्हा पाहिलं होतं, आणि त्या दिवशी.

मला एवढंच माहीत आहे. ओट्यावर पडलेल्या आबांच्या कानावर तुझा आवाज गेला असेल, तर ‘काट्याच्या वर’ हे ऐकून ते तुझ्यावर रागावले नसतील. बाकी कुणी काय म्हणतं ते त्यांना विचारून म्हणत नाही.

प्रकाश, तुलाही एक शब्द. तू चांगला मुलगा आहेस. तू बायकोला एका शब्दानं बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तीच अडचण आहे. नदीवर तू गप्प राहिलास आणि घरीही गप्प आहेस. ती तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसली आहे. तुझा अर्थ तो नसेल, तर तिला सांग. माझ्यासमोर नाही, मंडळींसमोर नाही. पण आज सांग.

मी आता आटोपतो.

आपल्याकडं फोटोला पहिलं फूल भावकीतला वडीलधारा पुरुष वाहतो. भावकीची परवानगी मी सभेआधी घेतली आहे, दिलीपदादा हो म्हणालेत. आज पहिलं फूल सुनंदा वाहील. मग आपण सगळे.

सुनंदा, ये. दाराशी बसू नकोस, पुढं ये. आरोहीलाही आण. या माणसांमध्ये तुला नाव ठेवणारं कुणी नाही, आणि असलं तर त्यानं आज माझ्याशी बोलावं.

मंडळी, तिला वाट द्या. खुर्च्या सरकवा जरा.

प्रकाश, तू बस, तिला जाऊ दे… बरं. नाही, जा. जा तिच्याबरोबर.

आपण सगळे उभं राहू. ती तिघं आपल्या जागेवर परत येऊन बसेपर्यंत कुणी बोलायचं नाही. तेवढी शांतता आबांची.